प्लेट नवी, तार जुनीच

मा. संपादक,

उन्हाळा सुरू झाला की जुन्या इमारतींमध्ये एसी बसवण्याची लगबग सुरू होते आणि त्याच वेळी भिंतीवरचे पिवळे पडलेले स्विचबोर्ड काढून चकचकीत मॉड्युलर प्लेट बसवल्या जातात. त्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु प्लेटमागे काय आहे, याची चौकशी फारसे कोणी करत नाही, म्हणून हे पत्र.

230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 6 अँपिअरच्या सॉकेटची क्षमता सुमारे 1,380 वॉट असते, तर 2,000 वॉटचा गीझर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्यामुळे तेथे 16 अँपिअरचे सॉकेट लागते, हे बरोबरच आहे. मात्र त्याच्या मागे दिवे-पंख्यांच्या सर्किटमधून ओढलेली दीड चौरस मिलिमीटरची जुनी तार तशीच राहिली, तर सॉकेट मोठे करून आपण केवळ त्या तारेवर जास्त भार टाकण्याची सोय केलेली असते. गीझर वा एसीसाठी वितरण पेटीपासून स्वतंत्र, साधारणपणे चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. एमसीबी (भार वाढताच आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे हा तर उफराटा उपाय झाला, कारण एमसीबी असतो तो तारेच्या रक्षणासाठी.

याहून गंभीर बाब अर्थिंगची, म्हणजे यंत्रातून गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीची, आहे. अनेक जुन्या घरांतील दोन पिनांच्या सॉकेटपर्यंत अर्थची तार आलेलीच नसते. तेथे तीन पिनांचे सॉकेट बसवताना काही कारागीर वायरचा बोटभर तुकडा घेऊन सॉकेटच्या आतच अर्थचे टर्मिनल न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) जोडून टाकतात. बाहेरून सारे ठाकठीक दिसते. फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून पाहिला तरी तो पेटतो, त्यामुळे ही नेहमीची चाचणी येथे फसवी ठरते. पुढे कधी त्या सॉकेटची न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली, तर यंत्र चालू करताच त्याच्या धातूच्या बाह्यांगावर वीज उतरते. धुलाई यंत्राला ओल्या हाताने स्पर्श करणाऱ्या माणसाचे काय होईल, हे सांगायला नको. अशा घरांत मीटरपासून अर्थची स्वतंत्र तार आणावी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. 16 अँपिअरचा एमसीबी माणसाला बसणाऱ्या धक्क्याची दखलही घेत नाही.

सॉकेट बदलणे हे 'पाच मिनिटांचे काम' समजून घरच्या घरी उरकण्याची हौस अलीकडे वाढली आहे. केवळ बटण बंद करून सॉकेट उघडणे धोक्याचे आहे, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असू शकते. मेन स्विच बंद करणे आवश्यकच आहे, आणि काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

घराच्या नूतनीकरणास परवानगी देताना बहुतेक सोसायट्या राडारोडा उचलण्यासाठी अनामत रक्कम घेतात. त्याच अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग व अर्थिंगचा चाचणी अहवालही मागावा आणि वाढीव भार वीज कंपनीकडून मंजूर करून घेतल्याची प्रत जोडण्यास सांगावे, अशी सर्व सोसायट्यांच्या कार्यकारिणींना विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे