‘स्वभावाला औषध नसते’ हे अर्धेच खरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील व्यक्तिमत्त्व विकारांवरील लेख उपयुक्त होता. मात्र त्याच्या शीर्षकातील ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्दप्रयोग खटकला. मराठीत तो कधी स्किझोफ्रेनियासाठी, तर कधी एकाच माणसात अनेक ‘मी’ वावरण्याच्या दुर्मीळ अवस्थेसाठी वापरला जातो, आणि या दोहोंची गणना व्यक्तिमत्त्व विकारांत होत नाही. व्यक्तिमत्त्व विकारांत स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी नाते जोडण्याची रीतच इतकी ताठर किंवा अस्थिर असते, की घरी, नोकरीत, मैत्रीत वर्षानुवर्षे तेच ते बिनसत राहते. नुसता तापट, अबोल किंवा टापटिपीचा हट्ट धरणारा माणूस त्यामुळे विकारग्रस्त ठरत नाही, मग सुना-जावई त्याला ‘ओसीडी’ (मंत्रचळ) म्हणोत की आणखी काही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने तर विकाराचे बहुतेक जुने प्रकार मोडीत काढले असून, तो सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी ठरवण्यास सांगितले आहे.

माझ्या भाचीला ऐन विशीत ‘बॉर्डरलाइन’चे, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर ठेवणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकाराचे, निदान झाले, तेव्हा एका डॉक्टरांनीच ‘स्वभावाला औषध नसते’ असे सांगून आमची बोळवण केली. शब्दशः ते खरेच आहे, कारण या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेली गोळी आजही नाही. परंतु अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी अशाच रुग्णांसाठी ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही संवाद आणि कौशल्य-सरावावर आधारलेली मानसोपचार पद्धती घडवली आणि तिने स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार कमी होतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाखवून दिले. तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयाने अशा २९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा दहातील नऊहून अधिक जणांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली आढळली. कामधंदा आणि नातीगोती यांसह आयुष्य रुळावर आले ते मात्र निम्म्यांचेच.

लक्षणे ओसरल्यानंतरचा हा दुसरा टप्पा आम्ही सध्या अनुभवतो आहोत. भाची दर शनिवारी एसटीने पुण्याला उपचारासाठी जाते, कारण आमच्या तालुक्यात असा उपचार देणारे कोणीही नाही. आपल्या पुढील लेखात लहान गावांतील रुग्णांच्या या अडचणीची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा जिल्हा