साखर 212

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

मधुमेहाचा मेंदूवर काय परिणाम होतो त्याच्या एका अभ्यासात मी नाव दिलंय. (शोभानं दिलंय म्हण.) आधी एमआरआय झाला. पडद्यावर मेंदूत खोल पांढरे ठिपके. बारीक रक्तवाहिन्यांची झीज म्हणे. विचारलं, साखरेनं का? तर ती संशोधक मुलगी म्हणाली, "काका, एकट्याच्या चित्रावरून नाही सांगता येत. वयानं होतात, बीपीनंही होतात. मधुमेह असलेल्या-नसलेल्या पुष्कळ जणांची चित्रं शेजारी ठेवली की फरक कळतो." आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस मधुमेहींमध्ये सरासरीनं थोडा लहान भरतो, हेही तिनंच सांगितलं. सरासरीनं! अगं, माझं सांग ना.

(सायकलच्या भांडणात हा पुरावा चालणार नाही. कुलूप तूच लावलं नव्हतंस. आणि तेव्हा मला मधुमेह नव्हता.)

मंगळवारी पेट स्कॅन होता. मेंदू वजनाला शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा खातो जवळजवळ 20 टक्के. कुठला भाग किती साखर ओढतो ते यात दिसतं. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही. आपण दोघं असतो तर हाकललंच असतं. पण माझी गाडी तिथवर गेलीच नाही. आधी बोटाला सुई टोचली: 212. रक्तात एवढी साखर असली की ती आणि ही टोचलेली साखर एकाच दारात ढकलाढकली करतात, मेंदूचं चित्र फिकं येतं. पाठवलं परत. त्या फ्लोरिनचा जोर 110 मिनिटांत निम्म्यावर येतो, म्हणजे माझा डोस उद्यासाठी ठेवायचीही सोय नाही. वाया.

घरी सांगितलं, मशीन बंद होतं.

पहाटे डबा उघडून उभ्याउभ्या खाल्लं होतं मी. त्या मुलीला म्हणालो, "उपाशी यायचं विसरलोच." तिनं ते लिहून घेतलं, कुठल्या रकान्यात देव जाणे. बाळ्या, विसरलो नव्हतो रे. ते चित्र निघायलाच नको होतं मला.

तुझ्या लेकीचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. नव्या साहेबाशी जमतंय का?

पुढची तारीख गुरुवारची. पहाटे पाचला फोन कर. डबा वरच्या फळीवर ठेवलाय, पण माझा हात पोचतो.

तुझा,
दिल्या