गिटारचा पिकअप खाली घेणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हे माहितीय मला, पण तुमचा पुतण्या वाचून दाखवील म्हणून इथंच लिहायलोय. तुमचं नाव मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर अख्ख्या परभणीतल्या गिटारी तुमच्या दुकानात येऊन पडायच्या आणि मिक्सर दुरुस्तीवाली गिऱ्हाइकं बोंबलत बसायची. आता परभणीत इलेक्ट्रिक गिटारी असून असून किती असणार म्हणा, पण तरी.

तर मामा, थँक्यू. त्या दिवशी म्हणायचं राहिलं, कारण मी तुमच्याशी खोटं बोललो होतो आणि तुमच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. ते खाली सांगतो.

माझी ती सेकंडहॅन्ड स्ट्रॅट कॉपी (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीची नक्कल), तीन सिंगल कॉइल पिकअपवाली, म्हणजे तारांखाली बसून तारेचं हलणं पकडणारी चुंबक-कॉइलची तीन डबडी, चार महिने जीव खायली होती. सगळ्यात जाड तार बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढं दाबली आणि नेककडचा, म्हणजे दांडीकडचा पिकअप लावला की एका सुरातून दोन सूर निघायचे, ते पण एकमेकाशी भांडणारे, वांव वांव वांव असं, आणि ट्यूनरचा काटा मुरळीसारखा नाचायचा. तारांचे दोन सेट बदलले. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, पुढं-मागं करून इंटोनेशन (दांडीवर कुठंही दाबलं तरी सूर बरोबर यावा ते) लावायला बसलो, पण काटाच थांबेना तर लावणार कशाच्या भरवशावर. शेवटी एका मोठ्या शहरातल्या दुकानात घेऊन गेलो, रात्रभर एसटीचे धक्के खात, तर तिथं गिटार ॲम्पला लावून सुद्धा न बघता सांगितलं की नेक वाकलाय, नाहीतर पिकअप बदला, आणि जो आकडा सांगितला तेवढ्यात मी अख्खी गिटार घेतली होती.

तुमच्याकडं तर मी फक्त ॲम्पची खरखर काढायला आलो होतो. तुम्ही म्हणालात लावून दाखव, मी वाजवली, तुम्ही हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवलं. गिटार कधी हातात न धरलेला माणूस, आयुष्य सगळं बेंजो पार्टीत गेलेलं, पण बेंजोच्या तारांखाली पण चुंबकाचाच पिकअप असतो ना, आणि मिरवणुकीत ट्रॉलीवर बसून तो पिकअप स्वतः वर-खाली करणाऱ्या माणसाला काय सांगायचं. तुम्ही वाकून तार न पिकअप मधली फट बघितली आणि म्हणालात, "आरं, तारंला हलू देईनास तू. एवढं वर कुणी घेतलं?"

मी म्हणलं, कंपनीतूनच तसं आलंय.

खोटं मामा. गिटार आली त्याच आठवड्यात मीच तिन्ही पिकअपचे स्क्रू उजवीकडं फिरवून फिरवून पिकअप वर आणले होते, तारांना टेकायचेच राहिले होते, का तर आवाज मोठा पाहिजे. आवाज वाढला पण होता, नाही असं नाही, पण हळू वाजवलं काय न जोरात वाजवलं काय सगळं एकाच पातळीवर दाबून यायचं, आणि ॲम्पच्या साफ आवाजाच्या क्लीन चॅनलवर पण आवाज फाटायचा.

मग तुम्ही शेजारच्या गॅरेजमधून टॅपेट सेट करायचं फिलर गेज, ते पातळ पोलादी पात्यांचं, आणलं, फट मोजायला म्हणून, आणि पातं जवळ नेलं की टक्कन पिकअपला चिकटलं. माप तर काही निघालं नाही पण तुम्ही हसायला लागलात. "पातं ओढायलंय तर तार ओढणार नाही का?" बस्स, चार महिन्यांचं कोडं तिथं सुटलं. स्ट्रॅटच्या असल्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तारांखाली जे सहा खुंटे दिसतात ते स्वतःच चुंबक असतात. जाड तारेत लोखंड जास्त म्हणून ती जास्त ओढली जाते, आणि वरच्या फ्रेटला दाबली की ती पिकअपच्या अजून जवळ जाते, म्हणून रोग नेमका तिथंच. माझ्या मित्राच्या गिटारीत हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप आहे, त्याच्यात चुंबक खाली कॉइलच्या तळाला असतो, वर नुसते स्क्रू, त्यामुळं त्याला जवळ घेतलं तरी एवढा त्रास होत नाही, आणि मी त्याचंच बघून वर घेतलं होतं!

तुम्ही आधी तिन्ही पिकअप पार खाली नेले. वांव वांव बंद. आवाज बारीक झाला पण तार कशी मोकळी वाजायला लागली, मी येड्यासारखा तोच एक सूर धरून बसलो. मग पाव-पाव फेरा वर, ऐकायचं, परत पाव फेरा. ब्रिजकडं तार कमी हलते म्हणून तो पिकअप जवळ, नेककडचा लांब, आणि मधला अजून थोडा खाली कारण माझा पिक (तार छेडायचा तुकडा) त्यावर आपटतो, हे तर मी सांगायच्या आधीच तुम्ही झाकणावरचे ओरखडे बघून ओळखलंत. पाच पोझिशनचा स्विच फिरवत आवाज सारखा होईपर्यंत अर्धा तास गेला, दोन गिऱ्हाइकं परत गेली.

घरी येऊन मोजलं. पोरीच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी घेतली, शून्याच्या आधीचा तुकडा कापून टाकला (तिला नवी घेऊन दिली, सांगा तुमच्या पुतण्याला, तो माझ्यावर केस करील), शेवटच्या फ्रेटला तार दाबून तारेच्या खालच्या कडेपासून खुंट्याच्या डोक्यापर्यंत. नेककडं जाड तारेखाली अडीचच्या आसपास, बारीक तारेखाली दोन एमएम. आणि फेंडर कंपनी जुन्या पद्धतीच्या पिकअपला काय माप देते? 2.4 आणि 2. तुम्ही नुसत्या कानानं तिथं पोचला होतात. बायकोला दाखवलं तर ती म्हणे मग, आता जेवायला येता का.

त्यानंतर इंटोनेशन एका बैठकीत लागलं. ॲम्पचा व्हॉल्यूम थोडा वाढवावा लागतो, पण तो वाढवायलाच असतो की.

पैसे तुम्ही फक्त ॲम्पच्या खरखरीचे घेतलेत. आणि ते कंपनीचं खोटं तुम्हाला तेव्हाच कळलं असणार, चुकीच्या पेचकसानं स्क्रूची डोकी मीच खाल्ली होती आणि तुम्ही त्यावरून बोट फिरवून गप बसलात.

अजून एक, ते फिलर गेज माझ्या गिटारच्या बॅगेत आलंय. रविवारी आणून देतो. तोवर गॅरेजवाला ओरडायला लागला तर सांगा, गिटारवाल्यानं चोरलं.