पैसे पोचतात, नोटीस पोचत नाही

माननीय नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

ग्राहकाने बिल घ्यावे, छापील किंमत पाहावी, फसला तर तक्रार करावी, असे सरकार आम्हांला सांगत असते. मी हे सगळे केले. माझ्याकडे बिल आहे, खोका आहे, फोटो आहेत, तक्रारींचे क्रमांक आहेत. नाही तो फक्त विक्रेता. ऑनलाइन खरेदीत फसलेल्या गोंयकाराला आज कायदा कमी पडत नाही, समोरच्याचा पत्ता कमी पडतो. आणि तो मिळवून देणे आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मी फोंडा तालुक्यातला कुळागरवाला. माड, पोफळी, थोडी केळी, थोडी मिरी. पावसाळ्यात कुळागरात गवत कमरेएवढे वाढते. ते कापायला आता माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची हजेरी सुपारीच्या भावात बसत नाही. म्हणून गवत कापायचे पेट्रोलवरचे मशीन एका मोठ्या ऑनलाइन मंचावरून मागवले. जाहिरातीत लिहिले होते: फोर-स्ट्रोक इंजिन, नवे कोरे, वर्षाची वॉरंटी. किंमत ११,८०० रुपये, आगाऊ भरलेली.

खोका आला तो चवथीच्या धामधुमीत. उघडून बघतो तर इंजिनाला ऑइल घालायचे तोंडच नाही. अशी मशिने वापरणाऱ्यांना एवढ्यावरूनच कळेल. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळे घालतात, टू-स्ट्रोकला ते पेट्रोलमध्ये मिसळतात. म्हणजे आले होते ते टू-स्ट्रोक. बाजारातल्या मेकॅनिककडे नेले. त्याने काही न बोलता स्क्रूच्या खाचांवरून नख फिरवले. खाचा झिजलेल्या आणि त्यांत ताजा लाल रंग साचलेला. क्रमांकाची पट्टी असते त्या जागी रिवेटची दोन भोके. ‘हें नवें न्हय, रंगयल्लें,’ एवढेच तो म्हणाला. खोक्यावर किमतीची चिकटपट्टी होती, तिच्याखाली दुसऱ्या किमतीची. बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-गाव कुठेच नाही.

परत पाठवायची विनंती ॲपने लगेच मंजूर केली. मशीन न्यायला आलेल्या मुलाने फोटो काढले आणि क्रमांकाची पट्टी नसल्यामुळे ॲप पुढे जाऊ देत नाही म्हणून सांगितले. त्या पोराला मी दोष देत नाही, तो दारोदार फिरून पोट भरतो. संध्याकाळी संदेश आला: वस्तू मूळ स्थितीत नसल्याने परतावा नामंजूर. अहो, मूळ स्थितीत नाही हीच तर माझी तक्रार होती!

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार महिन्याभरात निकालात काढायची. पोच क्षणात आली, कारण ती यंत्राने धाडली होती. निकालही लागला, म्हणजे तक्रार ‘सोडवली’ असा शेरा मारून बंद केली. काय सोडवले ते विचारायला नवी तक्रार करावी लागते. एका उत्तरात तर असेही होते की हे शेतीचे मशीन, खरेदी धंद्यासाठीची, त्यामुळे आपण ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘ग्राहक’ची व्याख्या आहे, तिच्याखालीच खुलासा आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. ऑनलाइन खरेदीचाही त्याच खुलाशात समावेश आहे. माझ्या कुळागरात मशीन पाठीला मीच लावतो. पण असे उत्तर वाचून किती जण तिथेच गप्प बसले असतील?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, फोन केला. समोरची बाई शांतपणे ऐकून घेणारी होती. पण हेल्पलाइन कंपनीकडे तक्रार पोचवते, हुकूम करू शकत नाही. कंपनीने तिलाही तेच उत्तर दिले. पोलीस म्हणाले हे दिवाणी प्रकरण. मला ते पटले नाही. जुने मशीन रंगवून, क्रमांक उपटून, नवे म्हणून विकणाऱ्याचा इरादा पहिल्यापासूनच फसवायचा असतो आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे. असो. पोलीस खाते आपल्याकडे नाही, म्हणून इथे जास्त बोलत नाही.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. कायद्याने खरोखर चांगली सोय केली आहे आणि वाचकांनाही ती माहीत असावी म्हणून थोडी सविस्तर सांगतो. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे, दक्षिणेचा मडगावला. पूर्वी विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार झाला तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता देशाच्या कुठल्याही टोकाला असो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागतोच असे नाही. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने म्हणणे मांडायचे, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतर आलेले म्हणणे घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२०मध्येच सांगून टाकले आहे. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. १ जानेवारी २०२५पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता यातली ‘नोटीस मिळाल्यापासून’ ही अट पाहा. मी बिलावरच्या पत्त्यावर आधी माझी नोटीस स्पीड पोस्टने पाठवली. पत्ता परराज्यातला, गाळा क्रमांक अमुक, गोदामाच्या मागे, असा. पाकीट ‘या पत्त्यावर कोणी नाही’ अशा शेऱ्यासह परत आले. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द. आणि त्याच मंचावर तेच मशीन, तेच फोटो, फोटोतल्या फरशीचा तोच तुटका कोपरा, नव्या नावाच्या दुकानात विकायला ठेवलेले. खाली पंचतारांकित अभिप्रायही होते, एकाच ठशाचे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची विकणारी बाई पुढच्या शुक्रवारी त्याच जागी बसते, म्हणून ती आत एक, वर एक करत नाही. इथे दुकान जागेवर राहते आणि दुकानदार बदलतो. मंचाला विचारले तर तो म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला जबाबदार धरत नाहीत, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चे कवच तो पुढे करतो. पण ते कवच अटींसह मिळालेले आहे, अटी मोडणाऱ्याला ते मिळत नाही. ई-कॉमर्स नियमांतला पाचवा नियम सांगतो की विक्रेत्याचे नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक मंचाने पानावर दाखवायचा आणि खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितले तर मुख्य कार्यालयापासून शाखांपर्यंतचे पत्ते, ईमेल आणि वाद मिटवायला लागणारी बाकीची माहिती द्यायची. मी लेखी मागितले. उत्तर आले की गोपनीयतेच्या धोरणामुळे देता येत नाही.

महोदय, गोपनीयता कोणाची? दर विक्रीमागे विक्रेत्याच्या पैशांतून जीएसटीचा वाटा कापून सरकारजमा करायची जबाबदारी याच मंचावर आहे. त्यासाठी त्याचा नोंदणी क्रमांक लागतो. उरलेले पैसे वळते करायला बँक खाते लागते. माझे ११,८०० रुपये, कमिशन वजा जाता, त्या गाळ्याच्या मालकाला बिनबोभाट पोचले. तेव्हा तो सापडला. नोटीस पोचवायची वेळ आली की तोच माणूस हवेत विरतो.

हे फक्त माझे गाऱ्हाणे नाही. आमच्या वाड्यावर एकाला मोबाइलच्या खोक्यातून साबणाची वडी आली, एका मुलीला लग्नाची साडी म्हणून भलतेच कापड आले. दोघांनीही सोडून दिले. दोन-तीन हजारांसाठी वाळपईहून किंवा पेडण्याहून पर्वरी, काणकोणहून मडगाव, एवढ्या खेपा कोण घालणार? दिवस मोडतो, रोज बुडतो. ई-जागृती आहे खरी, पण कागद स्कॅन करून चढवणे आणि इंग्रजीत मुद्देसूद तक्रार लिहिणे हे सगळ्यांना जमत नाही. फसवणाऱ्याचा धंदा नेमका याच हिशेबावर चालतो.

मग आपण काय करावे? कायदा केंद्राचा आहे असे उत्तर मिळेल याची मला कल्पना आहे, म्हणून राज्याच्या हातात आहे तेवढेच मागतो.

सगळ्यांत मोठी गोष्ट ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम १६. या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना ग्राहकांच्या हक्कांवर गदा, अनुचित व्यापार, खोट्या जाहिराती यांची चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देता येतो. मात्र प्रश्न एकट्या-दुकट्याचा नको, ग्राहक वर्गाचा हवा. एकट्या माझ्या मशीनने वर्ग होत नाही. पण प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नागरी पुरवठ्याच्या टेबलावर, जिथे रेशन कार्डाची कामे होतात तिथेच, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींची एक नोंदवही ठेवली तर फोंड्याची, डिचोलीची, सांग्याची तक्रार एका कागदावर येईल. तोच विक्रेता, तेच फोटो, तोच मंच असे दिसले की जिल्हाधिकाऱ्यांकडे विषय तयार. आणि प्राधिकरण काही शोभेचे नाही. ऑगस्ट २०२२मध्ये सक्तीच्या मानकांत न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल त्याने दोन बड्या मंचांना प्रत्येकी एक लाखाचा दंड करून कुकरचे पैसे ग्राहकांना परत करायला सांगितले होते. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे तिथे पुरले नव्हते.

दुसरे, पाचव्या नियमाखाली विक्रेत्याची माहिती मागणारे पत्र ग्राहकाच्या वतीने खात्याने लिहावे. माझ्या ईमेलला यंत्र उत्तर देते. गोवा सरकारच्या शिक्क्याला माणसाला उत्तर द्यावे लागेल. नियमांचे पालन होते की नाही हे पाहणारा, भारतात राहणारा एक जबाबदार माणूस नेमणे मंचांना बंधनकारक आहे. त्या माणसांची नावे आणि संपर्क खात्याने मिळवून आपल्या संकेतस्थळावर लावावेत. हे काम एका कारकुनाचे आहे, त्याला निधी लागत नाही.

वजनमापे खाते आपल्याकडे असो वा दुसऱ्या मंत्र्यांकडे, त्यांनाही जागे करा. २०१८च्या जानेवारीपासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालाची छापील किंमत, उत्पादक किंवा आयातदार ही माहिती पानावर दाखवणे सक्तीचे आहे. निरीक्षक किराणा दुकानात जाऊन तराजू तपासतात, उत्तम. मोबाइलवर एक पान उघडून तपासायला तर जीपसुद्धा लागत नाही.

आयोगाबद्दल एवढेच मागणे की सदस्याची मुदत संपायच्या आधी पुढच्याची नेमणूक झालेली असावी. कायद्यात व्हिडिओवरून सुनावणीची मुभा आहे, तिचा अर्ज कसा करायचा ते आयोगाच्या दारावर मराठीत आणि कोंकणीत लावा. तक्रारीचा नमुनाही या दोन्ही भाषांत द्या. १९८७च्या राजभाषा कायद्याने मराठीला सरकारी कामात जागा दिली आहे, ती फक्त निमंत्रणपत्रिकांपुरती नसावी. ग्राहकांसाठी गोवाकॅनसारख्या संस्था कित्येक वर्षे झटत आहेत, नमुने तयार करताना त्यांना बोलवा.

आणि पुढच्या अधिवेशनात पटलावर एक माहिती ठेवा: राज्यातल्या आयोगांकडे ऑनलाइन खरेदीच्या किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती नोटिसा बजावल्या न जाता परत आल्या. हा दुसरा आकडा आजवर कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझी तक्रार मी दाखल केली आहे. विक्रेत्याबरोबर मंचालाही प्रतिवादी केले आहे आणि अशा प्रत्येक तक्रारदाराने ते करावे, कारण त्याचा तरी पत्ता खरा असतो. बिलाची प्रत, स्क्रूचे फोटो आणि परत आलेल्या पाकिटाची झेरॉक्स या पत्राला जोडून आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात देत आहे. पाचव्या नियमाखालचे पहिले पत्र माझ्याच प्रकरणात लिहिता येईल. लिहिणार असाल तर त्याची प्रत मला मराठीत पाठवावी, नसाल तर कारण कळवावे.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक कुळागरवाला