दुकान बंद करायच्या वेळी थांबलेल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी मला पहिला बास मासा लागला. फ्लाय रॉडवर, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला, म्हणजे गळाला केस-पिसं बांधून केलेल्या खोट्या आमिषाला. त्याचा खालचा जबडा धरून गळ काढताना अंगठ्याची कातडी खरवडली गेली. आज सकाळपासून त्या अंगठ्याकडं लक्ष गेलं की तुमचीच आठवण येतेय, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून पत्र लिहायला बसले.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून काका म्हणते. मागच्या शनिवारी तुम्ही दिवे मालवायला घेतले होते तेव्हा दारात आलेली बाई ती मीच. माझ्या हातात फ्लायची मोठी डबी होती आणि मागं रॉडची नळी घेऊन नवरा उभा होता. "बंद झालं का?" असं मी विचारलं. तुम्ही मालवलेला दिवा परत लावलात आणि म्हणालात, "या की."

तुमच्याकडं येण्याआधी माझी तीन दुकानदारांशी गाठ पडली होती. त्या दिवशी हे बोलले नाही, तुमच्या दुकानात उभं राहून दुसऱ्यांची उणीदुणी काढणं बरं वाटेना. आज मात्र सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत हे तुम्हालाही कळायचं नाही.

पहिल्या ठिकाणी मी म्हटलं, बाससाठी फ्लायचा रॉड हवाय. काउंटरमागच्या माणसानं नवऱ्याकडं बघून विचारलं, "साहेब, किती नंबरचा देऊ?" नवरा म्हणाला, मला यातलं काही कळत नाही, शिकलीय ती. तरी रॉड काढून दिला तो नवऱ्याच्याच हातात. मी वर्षभर गवतावर दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव केला होता. पन्नाशी उलटल्यावर नव्यानं शिकायला घेतलेली ही माझी पहिली गोष्ट. तो रॉड माझ्या हातात यायला किती वेळ लागला, ते मी विसरणार नाही. शेवटी गळ्यात पडला तो 5 नंबरचा रॉड, त्यावर 5 नंबरची लाइन, म्हणजे फेकायची दोरी, आणि तिच्या टोकाला फ्लाय बांधायचा 9 फुटांचा बारीक धागा, लीडर. "फ्लाय रॉड तो फ्लाय रॉड, सगळ्या माशांना चालतो," असं ठणकावून सांगितलं त्यानं.

दुसरीकडून घरपोच मागवली ती डबी. 'बास फ्लाय, 50 नग.' तिसऱ्याकडं तक्रार घेऊन गेले, की फ्लाय पुढं जातच नाही, लीडरचा गुंता होऊन पाण्यावर ढीग पडतो. त्यानं रॉडकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "बाईमाणसाच्या खांद्याला हे झेपत नाही. साधा गळ टाका." मी गप्प बाहेर पडले. गाडीत बसल्यावर डोळे भरून आले. दोन महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत होते, आणि तो दोष आता दुसऱ्याच्या तोंडून पक्का झाला होता.

तुम्ही मात्र आधी रॉड नळीतून काढून माझ्या हातात दिलात आणि मागच्या अंगणात चला म्हणालात. काळोख पडायला आला होता. मी चार वेळा दोरी टाकली. तुम्ही बाजूला हाताची घडी घालून बघत होतात. चौथ्या वेळी म्हणालात, "हात बरोबर आहे. दोरी चुकीची आहे."

काका, हे वाक्य मी त्या रात्री झोपेपर्यंत मनात घोळवत होते.

मग तुम्ही जे समजावलंत ते इतकं साधं होतं, की आधीच्या तिघांपैकी एकालाही ते सांगावंसं वाटलं नाही याचा राग येतो. साध्या मासेमारीत आमिषाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लायच्या खेळात उलटं. फ्लायला वजन असं फारसं नसतं, दोरीचं वजन फ्लायला घेऊन जातं. म्हणून लाइन आधी ठरवायची, मग रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी. लाइनच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून तिचा नंबर. 5 नंबरच्या लाइनचं 140 ग्रेन, म्हणजे जेमतेम 9 ग्रॅम. 8 नंबरचं 210 ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या वर. दीडपट! आणि मी ती 9 ग्रॅमवाली दोरी घेऊन केसांचा एवढा मोठा गोळा वाऱ्याविरुद्ध ढकलायला बघत होते. लीडरचंही तेच. माझा टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं टोक, 5एक्स मापाचा, 0.15 मिलिमीटरचा, बारक्या फ्लायला टपणाऱ्या ट्राउटसाठी ठीक. बाससाठी तुम्ही दिलात तो 0एक्स, 0.28 मिलिमीटरचा, आणि लीडर साडेसात फुटांवर आणलात. जाड आणि आखूड, म्हणजे मोठी फ्लाय शेवटपर्यंत उलगडत जाते आणि कमळाच्या देठांत अडकली तरी ओढून काढता येते.

मी टोपलीत टाकलेली महागडी रील तुम्ही स्वतःच्या हातानं परत फळीवर ठेवलीत. "बासला रील म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी. त्याला हातानंच ओढायचंय, आहे तीच वापरा." कुठला दुकानदार असं करतो? आठ-नऊ फ्लाय मी काढल्या होत्या, त्यातल्या निम्म्या तुम्ही परत लावून टाकल्यात. राहिला एक पॉपर, एक काळा वूली बगर आणि दोन क्लाउझर. त्या क्लाउझरची गोष्ट सांगताना तुमचा चेहरा खुलला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी 1987 मध्ये सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथसाठी, म्हणजे लहान तोंडाच्या बाससाठी, ती बांधली. शिशाचे दोन जड डोळे गळाच्या दांडीच्या वरच्या बाजूला बसवले, त्या वजनानं फ्लाय पाण्यात उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. दगडांच्या तळाशी ओढली तरी सहसा अडकत नाही. वूली बगरही तिकडचाच, रसेल ब्लेसिंग यांनी 1967 मध्ये बांधलेला, आणि तोही आधी स्मॉलमाउथसाठीच. मी वेड्यासारखी ऐकत होते. घड्याळाकडं तुम्ही एकदाही बघितलं नाहीत.

पण हे पत्र मी लिहितेय ते यातल्या कशासाठीच नाही.

ती 50 नगांची डबी मी लाजत लाजत पुढं केली होती. मला वाटलं, हसाल. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, डबीतून हरणाच्या केसांचा हिरवट पिवळा बग, म्हणजे किड्यासारखी तरंगती फ्लाय, उचललात आणि दिव्याखाली आडवा धरलात. बाजूनं बघितलंत, मग खालून. "केस चांगले आहेत," म्हणालात, "पण पोट कापायचं राहिलंय. टोकाला मोकळी जागाच ठेवली नाही."

आणि तुम्ही दाखवलंत. हरणाचा केस आतून पोकळ, हवेनं भरलेला, म्हणून तरंगतो. तो दांडीभोवती फिरवून दाबून दाबून बांधतात आणि मग कातरतात. वरून कातरलेला होता, खालून नाही. त्यामुळं दांडी आणि गळाचं टोक यांच्यामधली सगळी जागा केसांनी भरून गेलेली. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि जबडा मिटतो. जबडा मिटला तो केसांवर, टोक मांसाला लागलंच नाही, की त्यानं थुंकून दिलंच. दोन महिन्यांत तीनदा माझ्या फ्लायखाली पाणी उसळलं होतं आणि तिन्ही वेळा दोरी सैल हाताशी आली होती. तेही मी माझ्याच खात्यावर मांडलं होतं!

तुम्ही खणातून दाढीचं ब्लेड काढलंत. कागदासकट दुमडून मधोमध मोडलंत. अर्धं ब्लेड अंगठा आणि मधल्या बोटात धरून किंचित वाकवलंत आणि बगाच्या पोटाखालून एका ओढीत फिरवलंत. केसांची भुकटी काउंटरवर पडली. दुसरी ओढ, तिसरी. पोट सपाट झालं, टोक मोकळं झालं. मग पक्कड घेऊन टोकाचा उलटा काटा दाबून बसवलात, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटायला नको.

मला वाटलं, झालं. पिशवी उचलायला मी हात पुढं केला, तर तुम्ही दुसरा बग त्या हातात ठेवलात. आणि उरलेलं अर्धं ब्लेड. "हा तुम्ही करा."

माझा हात थरथरत होता. तुम्ही ब्लेड परत मागितलं नाहीत, हात धरून दाखवलं नाहीत, नवऱ्याकडं तर बघितलंही नाहीत. फुंकर मारून काउंटरवरचे केस बाजूला केलेत आणि वाट बघत उभे राहिलात. पहिली ओढ तिरकी गेली. दुसरी नीट बसली. मी टोकावर नखानं बघितलं, जागा झाली होती. तुम्ही तो बग घेतलात, दिव्याखाली आडवा धरलात, आणि फक्त "हं" म्हणालात. पैसे देताना या शिकवण्याचे किती असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही नुसती नकारार्थी मान हलवलीत.

काका, ज्याला खरंच येतं त्याला दुसऱ्याच्या हातात वस्तू द्यायची भीती वाटत नाही, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलंय. माझी आजी अशी होती. भाकरी थापताना माझी मोडली तर दुसरा गोळा पुढं सरकवायची, बोलायची नाही. शाळेत एक बाई होत्या, खडू माझ्या हातात देऊन स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. अशी माणसं आयुष्यात मोजकीच भेटतात, आणि भेटतात तेव्हा त्यांना थांबवून सांगायला आपण विसरतो. आजीला सांगायचं राहिलं. तुम्हाला सांगतेय.

आता कालचं. सूर्य टेकला होता, वारा पडला होता. कमळाच्या पानांची कड जिथं संपते तिथं मी कापलेला बग टाकला. नवी लाइन अशी उलगडली की मी क्षणभर तिच्याकडंच बघत राहिले. तुम्ही सांगितलं होतंत ना, पडल्यावर हलवायचा नाही, पाण्यावरच्या सगळ्या गोल रेघा विरेपर्यंत थांबायचं. थांबले. शेवटची रेघ पानाला टेकून मिटली. दोरी एकदा हलकी ओढली, "ब्लुप" असा आवाज झाला. परत थांबले. आणि पाणी खालून फाटलं.

रॉड वर उचलायची उबळ आलीच होती. पण तुमचं "आधी दोरी ओढा, रॉड नंतर" हे कानात होतं. डाव्या हातानं दोरी खेचली आणि या वेळी ती सैल आली नाही. जड लागली, जिवंत. तो दोनदा पाण्याबाहेर झेपावला, डोकं झटकत. एकदा देठांत घुसला, तेव्हा त्या जाड टिपेटवर भरवसा ठेवून तसाच ओढला. हातात आला तेव्हा आधी जबडा बघितला, डोळ्याच्याही मागं गेलेला. म्हणजे लार्जमाउथच, मोठ्या तोंडाचा बास. बाजूनं काळपट पट्टा, पाठ शेवाळासारखी हिरवी. गळ वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात, अगदी टोकानं रुतलेला. जिथं मी जागा केली होती, तेच टोक. पाण्यात त्याला थोडा वेळ आधार दिला, मग शेपटीचा एक फटका मारून तो गेला. माझा चेहरा सगळा भिजला. नवरा काठावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बगाचे एका बाजूचे रबराचे पाय तुटलेत आणि मागची पिसं चावल्यासारखी झालीत. बाकी तो धड आहे. डबीतले अजून बारा बग मी या आठवड्यात कापले, त्यातले दोन बिघडले, दहा तुम्हाला दाखवण्यासारखे आहेत. रबराचे नवे पाय सुईनं ओवतात ना? ते तेवढं शिकवाल का? या शनिवारी येते, पण या वेळी लवकर, दिवे लागायच्या आत. तुमचं अर्धं ब्लेड पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवलंय, तेही बरोबर आणते. धार गेलीय त्याची.

तुमची,
शनिवारी उशिरा आलेली गिऱ्हाईक