रडर बदलण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

नव्या रडरचा, म्हणजे बोट वळवणाऱ्या मागच्या पात्याचा, खर्च तू फोनवर सांगितलास तेव्हा तुझे बाबा एकदम गप्प झाले आणि मला हसू आलं. ज्याने तो आकडा दिला, त्याने तुझी बोट धक्क्याला बांधलेली असतानाच पाहिली असणार. दुपारच्या वाऱ्यात तुझ्या शेजारी बसून टिलर, म्हणजे रडर वळवायचा दांडा, हातात घेतला असता तर त्याने आधी मान वर करून शिडांकडे पाहिलं असतं. रडर चांगलं आहे. बेअरिंगमध्ये खडखड नाही, पात्यात पाणी मुरलेलं नाही, हे बोट घेताना आपणच बघितलंय. तेव्हा पैसे खिशात ठेव आणि हे पत्र सोबत येणाऱ्या त्या दोघांनाही वाचून दाखव. मांडवीत फेऱ्या मारणं निराळं आणि वायव्येचा वारा तोंडावर घेत गोव्याहून मुंबईला येणं निराळं. सव्वादोनशे सागरी मैल आहेत, आणि तिघांचे खांदे वाटेतच कामातून गेले तर उरलेले मैल इंजिनावर काढावे लागतील.

तुझी तक्रार माझ्या शब्दांत सांगते. वारा पंधरा नॉटच्या (तासाला पंधरा सागरी मैलांच्या) वर गेला की बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. टिलर पोटाशी ओढून धरावा लागतो. अर्ध्या तासात दंड भरून येतो, आणि एवढं करून वेग साडेपाचवरून चारवर आलेला असतो. ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत.

बोट फिरते ती कीलभोवती, म्हणजे तळाच्या जड पात्याभोवती. कीलच्या पुढे जेनोआ, म्हणजे पुढचं शीड आहे, तो नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) वाऱ्यापासून लांब ढकलतो. मागे मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड आहे, तो बोटीचा मागचा भाग ढकलतो, म्हणजे नाळ वाऱ्याकडे येते. दोघांचं जमलं की टिलर दोन बोटांवर राहतो. मेनची दादागिरी वाढली की तू टिलर ओढत बसतेस. इथपर्यंत तुला शिकवलेलं आहेच. पण वर्गात जे भरभर उरकतात आणि समुद्रावर ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, ते म्हणजे कलणं. बोट कलली की शिडं पाण्यावर बाहेर लोंबायला लागतात. पुढे ओढणारा जोर बोटीच्या मध्यावरून सुटून एका अंगाला गेला, की नाळ दुसऱ्या अंगाला, म्हणजे वाऱ्याकडेच, वळणार. त्यात कललेल्या बोटीचा पाण्यातला आकार एकीकडे फुगीर आणि एकीकडे सपाट होतो, तोही तिला त्याच दिशेला नेतो. आणि रडर? ते बिचारं तिरकं झालेलं असतं, त्याची बरीच ताकद पाणी वर-खाली ढकलण्यात जाते. अशा वेळी मोठं रडर बसवलंस तर मोठा ब्रेक लागेल, एवढंच होईल.

थोडी ओढ मात्र हवी. रडर तीन ते पाच अंश वळलेलं असेल तर ते कीलला मदत करतं, बोट वाऱ्याला नीट धरून चालते, आणि हातातल्या ओढीवरून वाऱ्याचा झोत तुला डोळे मिटूनही कळतो. पाच अंश म्हणजे किती ते मोजून ठेव. मीटरभर लांबीच्या टिलरचं टोक मध्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर सरकलं की पाच अंश झाले. टोकाच्या खालून कॉकपिटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक दोरी ताणून बांध. तिच्यावर मध्याची खूण कर, दोन्ही बाजूंना पाच आणि दहा अंशांच्या खुणा कर. टिलर दहाच्या खुणेला टेकला की काहीतरी चुकतंय. तेव्हा आणखी जोर लावू नकोस, शिडांपाशी जा. उलट गोष्ट, म्हणजे टिलर सोडला की बोट वाऱ्यापासून पळायला लागते, ती मात्र एक अंशही चालवून घेऊ नकोस. हात सुटला की बोट आपली आपण जाइब होईल, म्हणजे वारा मागून दुसऱ्या अंगाला जाईल, आणि बूम (मेनसेलखालचा आडवा दांडा) कोणाच्या तरी डोक्यावरून जाईल.

आता मेनसेलकडे ये. तुझं शीड जुनं आहे, ताणलं गेलंय. जुन्या शिडाचं पोट मागे सरकतं, लीचकडे, म्हणजे मागच्या कडेकडे. असं शीड ओढतं कमी आणि कलवतं जास्त. केबिनच्या टपावर बूमखाली उताणी पडून वर बघ. शिडाला आडव्या रंगीत पट्ट्या आहेत, त्या कशासाठी आहेत ते तेव्हा कळेल. सगळ्यात खोल भाग लफपासून, म्हणजे पुढच्या कडेपासून, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर दिसायला हवा. तुझ्या शिडात तो निम्म्याच्याही मागे असणार, पैज लाव. वारा वाढला की हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, ताण. लफच्या कडेने उभी घडी दिसायला लागेपर्यंत ताण आणि मग एवढीशी सोड. आउटहॉल (शिडाचा खालचा मागचा कोपरा ओढणारी दोरी) पार मागे खेच, खालचा भाग फळीसारखा सपाट झाला पाहिजे. बॅकस्टेला, डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेला, ताण दे. एवढ्यानेच निम्मं काम होईल. मग ट्रॅव्हलर, म्हणजे मेनशीट जिला बांधलेली असते ती रुळावरची सरकती गाडी, वाऱ्याखालच्या बाजूला उतरव. मेनशीट (बूम आत-बाहेर करणारी दोरी) सोडू नकोस, ट्रॅव्हलर उतरव. शीट सोडलीस तर बूम वर उचलला जातो आणि शिडाचा वरचा भाग पिळवटतो. झोताच्या वेळी क्षणभर ते चालतं, तासभर चालत नाही. वरची बॅटन (शिडातली कडक पट्टी) बूमला साधारण समांतर राहिली आणि लीचवरची टेलटेल (वारा दाखवणारी छोटी चिंधी) बराच वेळ मागे फडफडत राहून मधूनच लपली, तर शीट बरोबर आहे.

हे सगळं करूनही बोट वीस-पंचवीस अंशांच्या पलीकडे कलत असेल, तर रीफ, म्हणजे शीड थोडं उतरवून लहान करणं. यावर तुझे बाबा आणि मी अजून भांडतो. ते म्हणतात आधी जेनोआ गुंडाळ, सोपं आहे, कॉकपिटमधून होतं. सोपं आहे हे खरं. पण जेनोआ कमी केला की तोल आणखी मागे जातो आणि टिलर जास्तच ओढायला लागतो. शिवाय एक तृतीयांशाच्या पलीकडे गुंडाळलेला जेनोआ म्हणजे नुसती पिशवी, वाऱ्यावर चढताना काही कामाचा नाही. तुझ्या बोटीला पहिला रीफ मेनलाच घे. आणि लवकर घे. वाऱ्यावर पाच नॉटने चढताना खरा वारा सोळा असला तरी तुझ्या तोंडावर तो वीसचा लागतो, शिडांनाही तोच लागतो. घ्यावा का, असं मनात आलं की घ्यायचा. चर्चा नको.

घेण्याची रीत तिघांनी धक्क्यावर, वारा पडलेला असताना पाठ करा. आधी टॉपिंग लिफ्ट (बूमचं टोक वरून धरणारी दोरी) ताणून बूमला आधार दे, नाहीतर तो कॉकपिटमध्ये येऊन पडेल. मेनशीट आणि बूमला खाली धरणारा व्हँग ढिला कर. हॅलयार्ड खुणेपर्यंत खाली सोड. ती खूण आजच करून ठेव, पक्क्या काळ्या मार्करने. दोऱ्यावर चार बोटं रुंद पट्टा काढ, रात्री टॉर्चच्या उजेडात बारीक रेघ दिसत नाही. शिडाची पुढची कडी आकड्यात अडकव आणि हॅलयार्ड पुन्हा ताण, पहिल्यापेक्षा कडक. मग मागची रीफची दोरी विंचवर (दोर खेचायच्या फिरकीवर) घेऊन खेच. सगळे इथेच कंटाळा करतात. ती दोरी शिडाला खाली खेचते तशीच मागेही खेचली पाहिजे. कडी बूमला टेकली म्हणून थांबलीस तर खालचा भाग फुगलेला राहतो. मग क्षेत्रफळ कमी होऊनही बोट तेवढीच कलते, आणि लोक म्हणतात रीफ घेऊन काही फरक पडत नाही. फरक पडतो. शीड पत्र्यासारखं सपाट होईपर्यंत खेच. कामात असताना तिघांनीही लाइफलाइन, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षेच्या दोऱ्या, अडकवलेल्या असू देत.

जेनोआचं फार लिहीत नाही, तुझा हात त्यावर चांगला आहे. फक्त शीटचा कार, म्हणजे जेनोआची दोरी जिच्यातून जाते ती सरकती कप्पी, तू कधी हलवतच नाहीस. बोट हळूहळू वाऱ्याकडे वळव आणि आतल्या बाजूच्या टेलटेल कोणत्या क्रमाने उडतात ते बघ. वरची आधी उडाली तर कार पुढे घे, खालची आधी उडाली तर मागे. सगळ्या एकदम उडाल्या की झालं.

डोलकाठी मागे झुकलेली आहे, हे मला फोटोतच दिसलं. ती जितकी मागे, तितका जोर मागे, तितकी टिलरची ओढ. आधीच्या मालकाने हौसेने केलेलं दिसतंय. पण शिडं सपाट करून, रीफ घेऊनही ओढ राहिली तरच तिकडे वळ, आणि ते काम रिगरच्या, म्हणजे डोलकाठी आणि तारांच्या कारागिराच्या, देखरेखीत कर. फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) थोडा आखूड करायचा, आणि हात लावण्याआधी टर्नबकलचं (तार ताणायच्या स्क्रूचं) माप मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवायचं.

तोल साधला की काय होतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी केच मुंबईत, सागवानात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला तिच्यातून इंग्लंडमधल्या फॉलमथहून एकटा निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून तिथेच परतला. असं करणारा तो पहिला. ऑस्ट्रेलियापर्यंत येता येता त्याचं सेल्फ-स्टिअरिंग, म्हणजे बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र, मोडलं होतं. पुढचा सगळा पॅसिफिक आणि अटलांटिक त्याने कसा काढला असेल? शिडं अशी बसवायची की सुहैली आपली आपण चालत राहील, आणि मग खाली जाऊन झोपायचं. तिला लांब कील होती आणि मागे दुसरी छोटी डोलकाठी, तुझ्या एका डोलकाठीच्या स्लूपकडून एवढी अपेक्षा मी करत नाही. (तिची प्रतिकृती ‘थुरिया’ तुझ्या गोव्यातच बांधली गेली. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टोमी ती घेऊन उतरले होते.) तू एवढंच कर. शिडं लागली की टिलर सोड आणि सावकाश दहापर्यंत मोज. बोट सरळ चालत राहून मग हळूच वाऱ्याकडे वळायला लागली, तर तू निघायला तयार आहेस. तीन म्हणायच्या आत गर्रकन वळली, तर पुन्हा ट्रॅव्हलरपासून सुरुवात कर.

आता सामान. डिंगी (छोटी होडी) घेऊन बोटीपासून लांब जा आणि तिच्याकडे नीट बघ. पाण्याच्या रेषेची निळी पट्टी दोन्ही बाजूंना सारखी दिसते का? नाळेशी बुडालेली आहे का? तुझ्या पुढच्या लॉकरमध्ये पन्नास मीटर साखळी आहे. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे एक किलो चारशे ग्रॅम भरते, म्हणजे सत्तर किलोचा माणूस कायम नाळेवर बसलेला. साखळी हवीच, तिथे काटकसर नको. पण तिच्यावर रचलेला तो दुसरा नांगर, ओली जुनी शिडं आणि मागच्या कठड्यावरचं आउटबोर्ड इंजिन, हे सगळं काढून खाली, मध्ये, कीलच्या वर आण. दोन टोकांना वजन असलेली बोट लाटेवर नुसती डोलते, पुढे जात नाही. पाण्याचे कॅनही तसेच खाली बांध. दुपारचा वारा तुम्हाला बहुतेक वेळ डाव्या अंगाने मिळणार आहे. तेव्हा वीस-वीस लिटरचे ते पाच कॅन डाव्या बाकाखाली जाऊ देत. शंभर किलो वाऱ्याच्या बाजूला, फुकट.

डाव्याच अंगाने का, ते सांगते. पहाटे मतलई वारे जमिनीवरून येतात, तेव्हा वारा उजवीकडून असेल. ती वेळ वाया घालवू नका. उजाडायच्या आधी शिडं वर असू देत. किनाऱ्यापासून फार लांब जाऊ नका, पण वेंगुर्ला रॉक्स आणि मालवणचे खडक यांना चांगली जागा सोडा. मालवणात रात्री शिरायचं नाही म्हणजे नाही. सकाळी उशिरा वारा पडतो, तेव्हा जेवून घ्या आणि सामान पुन्हा बांधा. मग खारे वारे सुरू होतात. आधी पश्चिमेकडून येतात, तेव्हा एकाच टॅकवर, म्हणजे वारा एकाच अंगाला ठेवून, सरळ उत्तरेला जाता येतं. दिवस चढेल तसे ते वायव्येकडे आणि आणखी उत्तरेकडे सरकतात, जोरही वाढतो. तुझी टिलरची लढाई व्हायची ती वेळ हीच. तेव्हा वारा पश्चिमेचा आणि मवाळ असतानाच पहिला रीफ घेऊन टाक. चार वाजता आयत्या वेळी धावपळ नको. किनारा जवळ यायला लागला की एक टॅक बाहेर समुद्राकडे, आणि पुन्हा उत्तरेला. संध्याकाळी देवगड, विजयदुर्ग, जयगड, जिथे पोचाल तिथे आत शिरा आणि झोपा. अंधारात मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत, आणि प्रॉपेलरला जाळं गुंडाळलं तर कितीही छान तोल साधलेली बोट जागची हलणार नाही.

परत गोव्याला जाताना वारा पाठीमागून असेल, तेव्हा तोलाचं गणित बदलतं. त्याचं तुम्ही मुंबईत आलात की बोलू.

दोरीवरच्या खुणांचा आणि डिंगीतून काढलेला असे दोन्ही फोटो पाठव. बाबा म्हणतायत, आउटबोर्ड काढताना त्याचं पेट्रोल आधी रिकामं कर.

तुझी,
आई