मॅडम, तुम्ही आईला दुधाबद्दल विचारलंत

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं आडनाव मला ठाऊक नाही. वॉर्डातल्या सिस्टर तुम्हाला नुसतं 'मॅडम' म्हणायच्या आणि डिस्चार्ज कार्डावरची सही मला आजही लागत नाही. पुढे तपासणीला आलो तेव्हा कळलं, तुमचं शिक्षण संपलं आणि तुम्ही गावी गेलात. कुठलं गाव, ते कुणाला सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण लिहायचं राहिलं तर मला चैन पडणार नाही.

ऑगस्ट २०१३. मुंबईतलं महापालिकेचं मोठं रुग्णालय, बायकांचा वॉर्ड, खाट क्रमांक १७. पेशंट पाटण तालुक्यातली, वय ४४. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, रक्तातलं सोडियम ११२, म्हणजे फारच कमी. सोबत वाशी मार्केटात माथाडी असलेला भाऊ आणि एकोणीस वर्षांची मुलगी. ती मुलगी मी.

सलाइन लावलं की सोडियम जरा चढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. आई थोडी भानावर होती. तुम्ही आधी फाइल उघडली नाहीत. खाटेच्या कडेला बसलात, आईचा हात हातात घेतलात, तळवा उलटा करून पाहिलात. मग तिच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिलात. डोळ्यांच्या कडेला बारीक बारीक सुरकुत्या, भुवया टोकाला विरळ झालेल्या, कातडी मळून ठेवलेल्या कणकेसारखी फिकट. आणि विचारलंत, "मावशी, शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

आईनं मान हलवली.

"आणि बाळाला अंगावर पाजलंत? दूध आलं होतं का?"

आईनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "न्हाई आलं. शेळीचं पाजलं पोरीला." एवढं बोलून ती रडायला लागली. एकोणीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडम, तुम्हाला त्या एका वाक्यात सगळं समजलं असणार. आम्हाला मागचं सगळं आठवत होतं, पण ते एका धाग्यातलं आहे हे ठाऊक नव्हतं. १९९४ च्या आषाढात मी घरीच जन्मले. वार अडकली, सुईणीचे हात टेकले आणि आईच्या अंगावरून इतकं गेलं की गोधड्या भिजल्या. ओढ्याला पूर होता, जीप मिळेपर्यंत दुपार झाली. दोन बाटल्या रक्त चढलं आणि ती वाचली. गावाच्या लेखी गोष्ट तिथेच संपली.

दूध आलं नाही तेव्हा आजीनं शतावरी दिली, अळिवाची खीर दिली. पाळी परत आली नाही तेव्हा बायका म्हणाल्या, बरं झालं, सुटलीस. मे महिन्यात ती स्वेटर घालून चुलीजवळ बसायची. भांगलणीला गेली की तासाभरात बांधावर येऊन आडवी व्हायची. तिला घाम यायचा नाही, भूक लागायची नाही. घरातल्यांनी तिला आळशी ठरवलं. देवऋषी झाला, उतारे झाले. आणि एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले : ही पोरगी झाली आणि आईची रया गेली.

डॉक्टरांकडे नेलं नाही असं नाही. दर दोन-तीन वर्षांनी रक्त तपासलं जायचं, टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, नॉर्मल यायचा आणि 'थायरॉईड नाही, टॉनिक घ्या' असं सांगून पाठवलं जायचं. शेवटी आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉईडमधून येणारं हार्मोन, तपासला, तो फार कमी निघाला, आणि त्यांनी त्याचीच, थायरॉक्सिनची, गोळी सुरू केली. आम्हाला वाटलं, आता सुटलो. दहाव्या दिवशी आई उलट्या करत कोसळली.

असं का झालं, हे तुम्ही केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलंत. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे. निळ्या पेनानं काढलेला मेंदू, त्याखाली देठाला लोंबणारा एक दाणा. "हरभऱ्याएवढी असते ही पीयूषिका ग्रंथी," तुम्ही म्हणालात. "थायरॉईडला, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना, अंडाशयाला, सगळ्यांना हीच हुकूम सोडते. पोटात बाळ वाढतं तशी ही पण फुगते. तिला रक्त मात्र बेताच्याच दाबानं मिळतं. बाळंतपणात रक्त वाहून गेलं, दाब पडला, की ही फुगलेली ग्रंथी उपाशी राहते आणि तिचा भाग मरतो." मग एमआरआयची फिल्म खिडकीसमोर धरलीत. कवटीच्या तळाशी जिथे ही ग्रंथी बसते, त्या खोबणीला तुर्की खोगीर म्हणतात. आईचं खोगीर जवळजवळ रिकामं होतं.

टीएसएच पीयूषिकेतूनच येतो. ती ग्रंथीच गेलेली असेल तर थायरॉईड मंदावला तरी टीएसएच वाढणार कसा? नॉर्मल दिसणारा आकडा खरं तर नॉर्मल नव्हताच. आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येणारं कॉर्टिसॉल हे स्टिरॉइड नसलेल्या शरीरात आधी थायरॉक्सिन घातलं की चयापचय वेग घेतो, होतं नव्हतं ते कॉर्टिसॉलही झपाट्यानं संपतं आणि माणूस कोसळतो. आधी स्टिरॉइड, मग थायरॉईड. हा क्रम तुम्ही मामाकडून तीनदा म्हणवून घेतला होतात.

रक्ताचा नमुना काढून झाल्यावर रिपोर्टची वाट न बघता तुम्ही हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन दिलंत. १०० मिलिग्रॅम. सकाळी साडेदहाची वेळ होती. संध्याकाळी आई उठून बसली आणि म्हणाली, "भाकरी हाय का? ठेच्यासंगं." मामा वॉर्डाबाहेर जाऊन रडला. मी आईला आपण होऊन जेवण मागताना जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

मॅडम, तुम्हाला एक सांगायचं आहे. त्यानंतर मी बीएस्सी पुरी करून डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, केलं. आता कराडला एका लॅबमध्ये काम करते आणि रोज सकाळी हार्मोनच्या तपासण्या मीच लावते. त्यामुळे तुमच्याबरोबर ज्यांचे आभार मानायला हवेत अशी बरीच माणसं मला भेटली, पुस्तकांतून.

हॅरोल्ड शीहान हे त्यांतले पहिले. आईच्या आजाराला त्यांचंच नाव आहे, शीहान सिंड्रोम. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. बाळंतपणात गेलेल्या बायकांची शवविच्छेदनं करताना त्यांना पीयूषिकेचा पुढचा भाग मेलेला दिसू लागला आणि त्याची सांगड त्यांनी रक्तस्रावाशी घातली. १९३७ साली ते छापून आलं. तुम्ही केसपेपरच्या कोपऱ्यात 'शीहान' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, तेव्हा मला ते गोळीचं नाव वाटलं होतं. त्या बायकांची नावं कुठे नाहीत. पण माझ्या आईचं निदान त्यांच्यामुळे झालं, आणि त्यांना मी मनोमन हात जोडते.

दुसऱ्या रोझलिन यालो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या रुग्णालयात, झाडूवाल्याचं सामान ठेवायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. सॉलोमन बर्सन यांच्यासोबत त्यांनी रक्तातलं हार्मोन किरणोत्सर्गी खुणेनं मोजायची रीत शोधली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं, तोवर बर्सन हयात नव्हते. टी-फोर आपण एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजतो. ही रीत नसती तर आईच्या रक्तात काय नाही, हे कुणाला कळलं असतं? आमच्या मशीनमध्ये आता किरणांऐवजी प्रकाश मोजतात, पण हार्मोनला प्रतिपिंडानं (अँटिबॉडीनं) पकडायचं ही मूळ कल्पना त्यांचीच. आणि ज्या स्टिरॉइडच्या कुळातलं इंजेक्शन तुम्ही दिलंत, ते १९४८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा संधिवाताच्या रोग्याला दिलं गेलं, त्या कामालाही १९५० चं नोबेल आहे.

मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते आपल्याकडचं काम. काश्मीर खोऱ्यात तिथल्या डॉक्टरांनी घरोघरच्या बायकांची पाहणी केली. मुलं झालेल्या, वीस वर्षांवरच्या बायकांत सुमारे ३ टक्के जणींना हा आजार असावा असा त्यांचा २००५ चा अंदाज आहे, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश घरीच बाळंत झालेल्या होत्या. म्हणजे शंभरात तीन. हे वाचलं त्या रात्री मी आमच्या वाडीतल्या बायका एकेक आठवत बसले होते. कोण स्वेटर घालते, कोण बांधावर आडवी होते.

आणि आमच्यापासून फार लांब नसलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. बाळंत होताच नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. थंडावा लागत नाही, सुई लागत नाही, अशा या गोळ्या. १९९४ च्या त्या आषाढात सुईणीच्या चंचीत त्या असत्या तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पीयूष म्हणजे अमृत, हे शाळेत शिकले होते. व्यायलेल्या गाईच्या पहिल्या दुधालाही संस्कृतात पीयूष म्हणतात, हे पुढे कळलं. त्या दिवशी मी लॅबच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले.

तुम्ही लिहून दिलेलं कार्ड आईच्या बटव्यात असतं. मराठीत, मोठ्या अक्षरांत : 'या बाईंची स्टिरॉइडची गोळी कधीही बंद करू नये. ताप आल्यास दुप्पट. उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० इंजेक्शन ताबडतोब.' स्टिरॉइड म्हटलं की लोक घाबरवतात, किडनी जाईल म्हणतात. आई त्यांना तुमचं वाक्य ऐकवते, "ह्ये औषध न्हवं. अंगात रोज बनतंय त्येच हाय, माझ्यात बनत न्हाई म्हणून वरनं घ्यायचं." एप्रिल २०२१ मध्ये तिला कोरोना झाला, ताप १०३, उलट्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा नव्हत्या, धावपळ होती. मी काही बोलायच्या आत आईनं बटवा उघडून ते कार्ड नर्सच्या हातात दिलं. पाचव्या मिनिटाला इंजेक्शन मिळालं.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या लक्षातही नसेल. डिस्चार्जच्या दिवशी जिन्यात मी तुम्हाला हळूच विचारलं होतं, माझ्यामुळे झालं ना हे? तुम्ही चार पायऱ्या उतरून परत वर आलात. म्हणालात, "तुझ्यामुळे नाही. रक्त थांबवायला तिथे कुणी नव्हतं म्हणून झालं." आणि मग आईकडे जाऊन, सगळ्यांदेखत, मामाला आणि माझ्या वडिलांना सांगितलंत की ही बाई एक दिवसही आळशी नव्हती, अंगात काही नसताना हिनं एकोणीस वर्षं घर चालवलं. वडील खाली मान घालून ऐकत होते. घरी आल्यावर पहाटेचं पाणी त्यांनी भरायला घेतलं, ते आजही तेच भरतात.

माझ्या हातून आता टीएसएच नॉर्मल असलेला, थकलेल्या बाईचा रिपोर्ट जातो तेव्हा मला निदान करायचा अधिकार नसतो. पण नमुना घेताना मी बोलता बोलता विचारते, बाळंतपणाचं, दुधाचं. दोनदा उत्तर ऐकून मी आमच्या डॉक्टरांना फोन केला आहे. त्यांतली एक बाई सध्या सकाळी उठल्यावर पहिली गोळी घेते.

आई आता ज्वारी काढायला जाते. यंदा तिनं दारात कुळीथ वाळत घातले तेव्हा एक पायली बाजूला काढून ठेवलं, डॉक्टरीणबाईंचं म्हणून. दर वर्षी काढते, संक्रांतीपर्यंत वाट बघते, मग आम्ही खातो. तुम्ही हे वाचलंत तर पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
खाट क्रमांक १७ ची मुलगी